मागचं फाटक

मॅडम,

तुमची पितळेची चाळणी अजून माझ्याकडेच आहे. घरात तिला कोणी हात लावत नाही. नवीन आलेल्या कामवालीनं एकदा रवा चाळायला काढली तर मी अशी काही ओरडले की ती बिचारी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिला काय सांगणार होते मी? की या चाळणीतून मी राखड चाळते, आणि त्यावर माझं घर चालतं? तुम्ही जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. इतकी वर्षं तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं जे होतं ते तुम्हाला आवडलंच असतं, आणि तुम्हाला आवडेल असं काही सांगायला गेलं की तुम्ही 'पुढे बोल' म्हणून मोकळ्या व्हायच्या. आता जे सांगायचं आहे ते तसं नाही.

मी बगीचे आखते. सार्वजनिक, म्हणजे ज्यांचं उद्घाटन होतं तसले. कुठे झाड, कुठे बाक, कुठून वाट, दिवा कुठे, बायकांची मुतारी कुठे, हे सगळं मी ठरवते असं लोकांना वाटतं. मला गार्डनवाल्या मॅडम म्हणतात. आपल्या वर्गातल्या मुलींनी हे ऐकलं असतं तर पदर तोंडात धरून हसल्या असत्या. तेव्हा गृहविज्ञान म्हणजे लग्न जमेपर्यंत पोरी बसवून ठेवायचा विषय, असंच सगळे समजत. माझ्या बाबांनीही तेच समजून माझं नाव घातलं होतं. आणि तुम्ही पहिल्याच तासाला म्हणालात, "लोणचं घालणं आईकडून शिका. इथं पाहणं शिका." मला वाटलं होतं, काय कटकट पदरात पडली.

मग ते मुनीमजींचं घर. तुम्ही प्रत्येकीला एकेक स्वयंपाकघर नेमून दिलं होतं, मला राइस मिलच्या मुनीमजींचं आलं. मी सकाळभर पाटावर बसून त्यांच्या सुनेचा स्वयंपाक पाहिला, तिनं दिलेला चहा प्यायला, आणि वर्गात येऊन सांगितलं, "काही दिसलं नाही मॅडम. ती नुसती सैपाक करून राहिली होती." तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिसलं नाही का पाहिलं नाही?" सगळा वर्ग हसला. त्या दिवशी मी तुमचा मनापासून द्वेष केला, हे आज सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः माझ्यासोबत आलात. एका हातात ही चाळणी, दुसऱ्या हातात मिलमधून आणलेली कोंड्याची राखड. आपल्या गावात त्या राखडीला काय तोटा? दोरीवरच्या कपड्यांवर, पापडावर, माणसांच्या भुवयांवर पडलेलीच असते. पण ती कोणी मुद्दाम घरात आणून चाळताना मी पाहिलं नव्हतं. तुम्ही पदर खोचून, मागे मागे सरकत, सगळ्या फरशीवर तिचा पातळ थर दिला. सुनेची सासू कपाळाला हात लावून दारात बसली होती. "कॉलेजात हेच शिकवतेत का वो बाई?" असं तिनं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "हो, आम्ही हेच शिकवतो." स्वयंपाक झाला, सून बाहेर गेली, आणि आपण दोघी उंबऱ्यावर उभ्या आहोत. चुलीपासून अंगणातल्या मोरीपर्यंत, पायांनी राखड पुसून, फरशीवर एक काळी वाट उठली आहे. भाताची पेज गाळायला ती पोर दर वेळी उकळतं पातेलं घेऊन अख्खं स्वयंपाकघर ओलांडते, आणि त्या वाटेच्या बरोबर कडेला बाळाची झोळी टांगलेली आहे. तुम्ही तिला हाक मारून लुगड्याचा काठ जरा वर घ्यायला सांगितलं. पायांवर भाजल्याचे डागच डाग होते. आदल्या दिवशी ते पाय सकाळभर माझ्यासमोरून ये-जा करत होते.

चुलीजवळच्या भिंतीला भोक पाडून आतच मोरी करा, एवढंच तुम्ही मुनीमजींना सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, करू करू. मला वाटलं, झालं आपलं काम. पण तुम्ही त्या घरी जातच राहिलात. बाजाराला जाताना, कॉलेजातून येताना, दारातूनच विचारायचं, "भोक पडलं का?" शेवटी शेवटी मुनीमजी तुम्हाला पाहून मागच्या दारानं सटकायला लागले. एकदा रिक्षात मी तुम्हाला म्हटलं, मॅडम, आता पुरे, लोक हसतात. तुम्ही म्हणालात, "पुरावा दाखवला म्हणून कोणी भिंत फोडत नाही, बाई. लोकाईले पुरावाही आवडते अन् आपली भिंतही आवडते." एरवी तुम्ही वर्गात छापील बोलायच्या. चिडल्यावर मात्र सौंदडकडचं तुमचं माहेर बाहेर यायचं, तळी बांधणाऱ्यांचं घर ते. भोक पडलं, पावसाळ्याच्या आधी. मी नागपूरला पुढं शिकायला निघाले तेव्हा स्टेशनवर येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही चाळणी तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलीत. "साडी देणार होते. पण ती फाटली असती."

आता ऐका. शहराच्या कडेला, मिलांच्या मागे ते लहान तळं, ती जुनी बोडी आहे ना, तिथं बगीचा करायचं ठरलं. तुमच्या वेळी तिच्यात पाणी होतं, आता अर्ध्यात बेशरमाची झुडपं आहेत आणि उरलेल्यात गावाचा कचरा. काम माझ्याकडे आलं. जागा पाहायला गेले तेव्हा बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती आणि बोडीच्या बांधावर, पाळीवर, कुत्रं नव्हतं. सोबतचे नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, खाली पडा है सब. जो चाहे बनाइए." मला तुमचा चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कार्तिकात, मिला जोरात चालू असताना, मी परत गेले. पाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत राखड चाळली आणि सूर्य वर येईपर्यंत एका दगडावर बसून राहिले.

त्या निघाल्या. बोडीपलीकडच्या वस्तीतल्या बाया, डबे घेऊन, डोक्याला फडकी बांधून, मिलच्या सकाळच्या कामाला. सगळ्यात पुढे एक मावशी होती, उंच, काटक, उजव्या चपलेच्या टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला. राखड पाहून ती थबकली.

"काय करून राहिली वो बाई? राखड काऊन टाकून राहिली?"

"बगीचा होणार आहे मावशी. कोण कुठून जातं ते पाहते आहे."

"मंग पाहा न. आमी इथूनच जातो. माही सासूही इथूनच जाये." तिनं मागच्या पोरींना हात केला. "चाला वो, बाईले पाय दाखवा आपले." आणि त्या सगळ्या हसत, मुद्दाम पाय आपटत गेल्या. पुढे जाऊन ती वळली. "बगीचा करा, पन वाट ठेवजा. नाहीतर सडकेनं जा लागते. ते ट्रकवाले मानूस पाहत नाहीत."

तिथली सडक तुम्हाला माहीत आहे. धानाचे ट्रक मिलांच्या दारात दुतर्फा लागतात, मधून एक गाडी जाईल एवढी जागा, चालणाऱ्यानं चालायचं ते चाकांच्या मधून. थंडीत पहाटे धुकं असं की ट्रकचा दिवा अंगावर आल्यावर कळतो. मी राखडीवरच्या पावलांचे फोटो काढले. पुढचे कितीतरी दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन तेच केलं. संध्याकाळी परतीची पावलं, बाजाराच्या दिवशीची, शाळेच्या पोरांची. तुम्ही पाहिली असती तर नुसती मान हलवली असती. मी नकाशा काढला. बोडी मधे, भोवती झाडं, आणि पाळीवरून आरपार वाट, वस्तीकडच्या बाजूला फाटक, पहाटेपासून उघडं. सगळा बगीचा त्या वाटेच्या आधारानं उभा केला होता.

बगीचा मंजूर करणाऱ्या समितीत सगळ्यांना पावलांचा तो फोटो फार आवडला. कोणी म्हणालं, वा, काय कल्पना आहे! पण मागच्या फाटकाशी येऊन सगळं अडलं. बगीच्यातून वाट दिली तर तो बगीचा राहील का, सकाळी फिरायला येणाऱ्या चांगल्या घरच्या लोकांना कसं वाटेल, बाया पाण्याशी डबे धुतील, तंबाखूचा खर्रा थुंकतील. साहेब समजावत होते, "मॅडम, पार्क पार्क होता है, रास्ता नहीं होता." मी म्हटलं, या गावात बाया फिरायला म्हणून घराबाहेर पडत नाहीत, कामाला म्हणूनच पडतात, त्यांचा बगीचा म्हणजे ती वाटच आहे. मग ठरलं की वाद नको, बाहेरची एक एजन्सी बोलावू, ती शास्त्रीय मोजणी करेल.

ती मोजणी कधी झाली ठाऊक आहे? रोवणीत. ऐन धानाच्या रोवणीत, मॅडम! बाहेरून आलेली गुणी पोरं, टोप्या घातलेली, हातात यंत्र, छत्र्या लावून पाळीवर बसली. आणि पाळीवरून जाणार कोण? मिला पावसाळ्यात थंड पडलेल्या, आणि वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया पहाटे तिकडूनच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून शेतात धानाचे परे लावायला गेलेल्या. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत घरात सुईण मिळायची नाही हे शेंबडं पोरही सांगेल. समितीतल्या एकूण एक माणसाच्या घरची शेती आहे. स्वतःच्या शेताच्या बांधीत बाया मिळत नाहीत म्हणून ते त्याच आठवड्यात डोकं धरून बसले होते, आणि त्याच तोंडानं त्यांनी वाचलं की सदर मार्गाचा वापर नगण्य आहे. मी ओरडले. खरंच ओरडले, टेबलावर हात आपटून. एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, संशोधनाचा आग्रह तुमचाच होता."

तरीही फाटक नकाशातून निघालं नव्हतं. मी ते निघू दिलं नाही. तुमच्यासारखी जात राहिले, "फाटकाचं काय झालं?" विचारत. हो हो, आहे आहे, म्हणायचे. साहेब मला पाहून फोन कानाला लावायला शिकले. मग एकदा गेले तर वस्तीकडच्या बाजूनं सलग लोखंडी कुंपण उभं होतं, हिरवा रंग दिलेलं, वर भाल्यासारखी टोकं. फाटकाच्या जागी इतर गजांसारखेच गज. ठेकेदार म्हणाला, वरून सांगितलं. वर कोण, ते त्यालाही माहीत नव्हतं. तुमचे आजोबा म्हणायचे ना, पाळीला सलंग ठेवली नाही, जादा पाण्याला जायला जागा दिली नाही, की पाणी पाळच फोडतं. मला वाटलं होतं, बाया मोर्चा आणतील, कुंपण पाडतील. काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या मुकाट्यानं सडकेनं जायला लागल्या.

उद्घाटनाच्या फुलांचे हार वाळायच्या आत थंडी पडली. मी तेव्हा भंडाऱ्याच्या कामावर होते. परत आल्यावर मिलच्या दारात त्या मावशीबरोबरची एक पोर भेटली. मी सहज विचारलं, मावशी कुठे?

"तुमाले माहीत नाही का? ते गेली न वो. धुवारी होती, ट्रक मागं घेऊन राहिला होता. तिले दिसला नाही, त्याले ते दिसली नाही."

मी तिथंच ट्रकच्या चाकाला टेकून उभी राहिले. ती पोर माझी समजूत काढत होती, मॅडम, कल्पना करा, ती माझी. "तुमी त फाटक काढलं होतं कागदावर. तिनं सांगतलं होतं आमाले. बाई वाट ठेवते म्हने." एवढं बोलून ती कामाला गेली, उशीर झाला की मुकादम आत घेत नाही.

यापुढचंही लिहिते. बगीच्याच्या पुढच्या दारात एक मोठा फलक लावला आहे. 'अभ्यासातून साकारलेलं उद्यान'. त्यावर माझा फोटो आहे, राखडीवरच्या पावलांचा, माणसाच्या उंचीएवढा मोठा केलेला. सगळ्यात पुढचं उजवं पाऊल चपलेचं आहे आणि त्याच्या टाचेत टायरच्या रेघा आहेत. मी ते पाऊल कुठेही ओळखेन. लोक त्यासमोर उभं राहून फोटो काढतात, लहान पोरं आपला पाय त्या पायाशी लावून पाहतात. फलक काढा म्हणून मी सांगितलं. साहेबांना वाटलं, मॅडम विनय करत आहेत. बाहेरगावची माणसं बगीचा पाहायला येतात आणि माझं कौतुक करतात. मी चहा पिते. पुढची कामं त्याच फलकावरून मिळतात, आणि मी ती घेते.

गेल्या आठवड्यात पुन्हा कोणीतरी मोठे पाहुणे येणार म्हणून साहेबांनी मला पाहणीला बोलावलं. ते पुढे रंगरंगोटी बघत थांबले, मी एकटी पाळीवरून मागे गेले. फाटक जिथं हवं होतं बरोबर तिथं, एक गज वाकवलेला आहे. कोणी, कशानं, देव जाणे. बाजूच्या गजाला, अंगाला टोचू नये म्हणून, जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला आहे, नीट, गाठ आत घेऊन. खाली गवत मेलं आहे आणि माती पायांनी गुळगुळीत झाली आहे. मी झाडाआड थांबले. बाया येत होत्या. आधी डबा आत सरकवायचा, मग पदर आवळून, श्वास ओढून, आडवं होऊन निघायचं. मागे एक पोटुशी मुलगी होती, दिवस भरत आलेले. तिनं तिचा डबा पुढच्या बाईच्या हाती दिला. "तू घेऊन जाय. मी सडकेनं येतो," म्हणाली, आणि एकटीच वळून गेली.

साहेब येताना दिसले. बोलायचं होतं, तर तेव्हाच बोलायला हवं होतं. हे पाहा, इथं फाटक हवं आहे, हा पुरावा. पण मला त्यांच्या तोंडचं उत्तर आधीच ऐकू आलं, आणि त्यामागून वेल्डिंगवाल्याची मशीनही. मग मी काय केलं ते सांगते. सागाचा पालापाचोळा पडला होता, तो मी पायानं ओढून ओढून त्या गुळगुळीत मातीवर पसरला. पातळ, सारखा थर, मागे मागे सरकत. आणि त्या गजाला पाठ लावून उभी राहिले.

"पीछे सब ठीक है ना, मॅडम?"

"काही दिसलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि ते परत फिरले. खोटं बोलले याचं मला वाईट वाटलेलं नाही. आपण शहाणपण केलं की भांडायचा कंटाळा आला होता, हे मात्र मला ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर हे पत्र लिहिण्याची माझी छाती झाली नसती, तोंडानंच सांगावं लागलं असतं. आणि तुम्ही रिक्षात बसता बसता एवढंच विचारलं असतं, भोक पडलं का?

पडलंय, मॅडम. पण लहान आहे. ती पोटुशी मुलगी अजून सडकेनंच जाते.